खेळयंत्राचा दुसरा संसार

एखादी वस्तू कशासाठी आहे हे ठरवायचे कोणी? साहित्याच्या वर्गात हा प्रश्न आपण संहितेच्या बाबतीत नेहमी विचारतो. लेखकाचा हेतू काय, वाचकाचा अधिकार किती, अर्थ कोणाच्या मालकीचा, यावर तासन् तास बोलतो. मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने १९८० साली वाचकाला परक्याच्या रानात विनापरवाना शिकार करणाऱ्याच्या पंक्तीला बसवले, तेव्हापासून तर या चर्चेला चांगलीच धार आली आहे. पण सर्तोला केवळ पुस्तकांविषयी बोलायचे नव्हते. स्वयंपाकघर, रस्ता, भाड्याचे घर, कारखान्यातले यंत्र या सगळ्यांविषयी तो बोलत होता. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यातला वाचक तेवढा उचलला आणि यंत्र तिथेच राहिले.

ते यंत्र आम्ही येथे उचलतो आहोत. जुन्या गेम कन्सोलला घरातले मीडिया सेंटर करून टाकण्याचा जो खटाटोप एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगभर चालला, त्याचा हा इतिहास आहे. तो सांगताना डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळणार आहोत. पालघर जिल्ह्याच्या या उत्तर टोकाचा आणि अमेरिकी खेळयंत्राचा संबंध काय, असे वाचक विचारतील. थोडा धीर धरावा.

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत विक्रीला आले. किंमत २९९ डॉलर. आत ७३३ मेगाहर्ट्‌झचा इंटेलचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती, हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि नेटवर्कच्या तारेसाठी जागा. म्हणजे बाह्यरूप खेळण्याचे असले तरी आत चक्क एक संगणक होता, आणि कंपनी तो तोटा सोसून विकत होती. यंत्रातला तोटा खेळांच्या विक्रीतून भरून काढायचा हा या धंद्याचा रिवाज. तेव्हा विकत घेणाऱ्याने त्यावर खेळच खेळावेत, आणि तेही कंपनीच्या मान्यतेचे, ही विक्रीमागची न बोललेली अट होती. ती पाळली जावी म्हणून यंत्राला कुलूप घातलेले होते. कंपनीची सही नसलेली कोणतीही आज्ञावली ते चालवत नसे. डीव्हीडी ड्राइव्ह आत असूनही चित्रपट पाहायचा तर रिमोटचा संच वेगळा विकत घ्यावा लागे. आपल्याच घरातल्या वस्तूतले आपलेच दार उघडायला पुन्हा पैसे द्यायचे, असा तो प्रकार होता.

हे कुलूप उघडल्याची कथा वाङ्मयीन दृष्टीनेही वाचण्याजोगी आहे. एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू हुआंग या विद्यार्थ्याने २००२ साली यंत्राच्या दोन चिपांमधून वाहणारी माहिती स्वतः बनवलेल्या जोडणीने टिपली आणि त्यातून गुप्त किल्ली शोधून काढली. सुरुवातीची सारी गुप्त संहिता अवघ्या ५१२ बाइटांची होती. देवनागरीत लिहायचे तर पावणेदोनशे अक्षरांतच तेवढी जागा संपेल. संस्थेने त्याच्याशी आपला संबंध नाही असे पत्र देऊन हात झटकले. त्याने लिहिलेले पुस्तक ठरलेल्या प्रकाशकाने ऐन वेळी नाकारले, तेव्हा २००३ साली त्याने ते आधी स्वतःच काढले. दहा वर्षांनी, ॲरन स्वार्ट्‌झच्या मृत्यूनंतर, त्याच्या स्मरणार्थ हुआंगने ते सर्वांना मोफत खुले केले. ज्ञानाला घातलेल्या कुलपांविरुद्ध झगडता झगडता खटल्याच्या फेऱ्यात सापडलेल्या तरुणाला ते पुस्तक अर्पण व्हावे, यात आम्हांला मोठे औचित्य वाटते.

पण घरोघरच्या माणसाला सोल्डरिंगची कास्तकारी जमण्यासारखी नव्हती. त्याच्यासाठी वाट निघाली ती आणखी मजेची. काही खेळ आपली प्रगती जतन करताना जी नोंद ठेवत, ती परत वाचताना नीट तपासत नसत. त्या नोंदीत मुद्दाम जास्तीचा मजकूर कोंबला की खेळाचा तोल जाई, आणि त्या गडबडीत बाहेरची आज्ञावली आत शिरे. २००३ पासून जेम्स बाँडच्या एका खेळाच्या साहाय्याने लोक हेच करू लागले. पहारेकऱ्याला लांबलचक नाव सांगत राहावे, ते लिहून घेता घेता त्याने वही उलटी धरावी, आणि मागून माणूस आत जावा, तसे हे होते. कुलूप मोडलेच नाही. वाचणाऱ्याच्या निष्काळजीपणातून आत जाता आले.

आत गेलेल्यांनी काय केले? काहींनी चोरीचे खेळ खेळले. ते लपवण्यात अर्थ नाही. परंतु दुसऱ्या काहींनी २००२ पासूनच चित्रपट आणि संगीत चालवणारी आज्ञावली लिहायला घेतली होती. तिचे पहिले नाव एक्सबॉक्स मीडिया प्लेअर. पुढे ती एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजे एक्सबीएमसी झाली आणि जून २००४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीला जोडलेले खेळयंत्र आता आतल्या खोलीतल्या संगणकावरचे चित्रपट तारेवरून खेचून दाखवू लागले, गाणी वाजवू लागले, छायाचित्रे उलगडू लागले. लिहिणारे वेगवेगळ्या देशांत बसलेले, बहुतेक टोपणनावाने वावरणारे, आणि पैसे कोणालाच नाहीत. यात एक विलक्षण पेच होता. या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही मोकळा होता; पण तो यंत्राला समजेल अशा रूपात आणायचा तर मायक्रोसॉफ्टची विकासकांसाठीची साधने लागत, आणि ती परवान्याशिवाय वापरता येत नसत. म्हणून मूळ संघ केवळ मजकूरच प्रसिद्ध करी. चालती प्रत कोठून मिळवायची हे ज्याचे त्याने पाहावे. लिहिणे वैध आणि वाचणे अवैध अशी ही स्थिती. हस्तलिखिते गुपचूप फिरण्याचा काळ ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना ती नवी वाटणार नाही.

आता मराठी घराकडे येऊ. आपल्याकडे गेम कन्सोल म्हणून जे पहिल्यांदा शिरले, ते १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला. १९९० नंतरच्या दशकात ‘सामुराई’, ‘मायक्रो जिनिअस’ अशा नावांची ही यंत्रे ॲन्टेनाच्या जागी जोडली जात आणि सगळे त्यांना सरसकट ‘टीव्हीवरचा गेम’ म्हणत. त्यांच्याकडून दुसरे काही करून घेणे शक्यच नव्हते. पुढे सोनीचे प्लेस्टेशन २ आले. जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी ते विक्रीस आले तेव्हा ज्यांच्याकडे डीव्हीडी प्लेअर नव्हता अशा कित्येकांनी ते त्यासाठीही घेतले. पंधरा कोटींहून अधिक विकल्या गेलेल्या या यंत्राच्या यशात चित्रपटाचा वाटा मोठा आहे. तरी मराठी घरात त्याची एक गंमत झाली. आपल्याकडे त्या काळी चलती व्हीसीडीची. नाटक असो की चित्रपट, दोन किंवा तीन चकत्यांत विभागलेला, नेमका रंगात आलेल्या प्रसंगी उठून चकती बदलायला लावणारा. आणि हे जपानी यंत्र डीव्हीडी दाखवी, पण व्हीसीडी काही दाखवत नसे. ज्या श्रीमंत देशांसाठी ते मुख्यतः घडवले गेले, तिथे व्हीसीडी कोणी मोजतच नव्हते. मूळचे एक्सबॉक्सही तसेच. त्यावर व्हीसीडी चालू लागली ती एक्सबीएमसीमुळे, म्हणजे कुलूप उघडल्यावर. दुय्यम ठरवलेल्या स्वरूपांना जागा मिळते ती बहुधा अशा अनधिकृत वाटेनेच.

मायक्रोसॉफ्टने भारतात अधिकृतपणे आणले ते पुढचे एक्सबॉक्स ३६०, सप्टेंबर २००६ मध्ये. पहिले यंत्र आले ते परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून. एका गोष्टीचा उल्लेख मात्र येथे केलाच पाहिजे. जुन्या एक्सबीएमसीत देवनागरी नीट उमटत नसे. ती आज्ञावली एकामागून एक सुटी अक्षरचिन्हे मांडत जाई. त्यामुळे जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाच्या भलत्या बाजूस जाऊन बसे. मोकळ्या मनाने लिहिलेल्या यंत्रभाषेतही कोणाची लिपी आधी आणि कोणाची नंतर, हा क्रम ठरलेला असतोच.

येथे डहाणूची आणि तलासरीची वाट धरू.

तलासरी हा सीमेवरचा तालुका. १९६० पूर्वी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात उरलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला. १९४५ मध्ये वेठीविरुद्ध वारल्यांची जी सभा भरली ते झरी गाव याच भागातले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे मराठी वाचकाला ते परिचित आहे. याच उंबरगावात, बोर्डीपासून हाकेच्या म्हणाव्यात अशा अंतरावर, रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण झाले. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी देश ज्या पडद्यासमोर हात जोडून बसला, त्यातली अयोध्या आणि लंका या किनाऱ्यावर उभी होती. दूरचित्रवाणी संच त्या दीड वर्षात हार घालण्याची, उदबत्ती लावण्याची वस्तू झाला. संच बनवणाऱ्या कोणत्याही कंपनीने असा उपयोग माहितीपत्रकात छापला नव्हता. यंत्राचा हेतू घरातली माणसे बदलतात, याचे याहून ठळक उदाहरण भारतीय माध्यमांच्या इतिहासात आम्हांला सापडत नाही.

पण घरातली चित्रे आणि घरातला आवाज यांचा या मुलखातला इतिहास दूरचित्रवाणीपासून सुरू होत नाही. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली वारल्यांची भिंत घ्या. लग्नाच्या वेळी त्या भिंतीवर गेरू फासून तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. वारली बोलीत आणि परिसरात चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. मध्ये पालघट देवी, लिहिणाऱ्या सुवासिनी, आणि लग्न लावणारी, गाणी म्हणणारी धवलेरी. चित्र, गीत आणि विधी एका भिंतीपाशी, एका घरात, एका प्रसंगापुरते एकत्र येतात. घराचे माध्यमकेंद्र म्हणावे ते हेच. आणि ते चालवणाऱ्या स्त्रिया आहेत, ही गोष्ट वरच्या साऱ्या यंत्रकथेत कोठेही नव्हती. एक्सबॉक्सची कुलपे उघडणाऱ्यांच्या आठवणी वाचताना ती उणीव सतत जाणवत राहते.

१९७० नंतर ही चित्रे भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती विधीच्या बाहेर नेली, रोजच्या जगण्याची आणि गोष्टींची केली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. भिंत कागद झाली, लिहिणाऱ्या स्त्रियांच्या जागी पुरुष आले, प्रसंगापुरते असलेले चित्र टिकाऊ आणि विकाऊ झाले. या स्थलांतराला ऱ्हास म्हणणारे आहेत, उद्धार म्हणणारेही आहेत. आमच्या मते दोघेही भिंतीला फार पवित्र मानतात. माध्यम बदलणाऱ्यांनी नवा वापर शोधला, आणि त्याचे मोल कोणाच्या पदरात पडले हा खरा तपासायचा प्रश्न आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली ती २०१४ मध्ये. तोवर पिशव्या, कुडते आणि हॉटेलांच्या भिंती यांवर ती आकृती कोणालाही न विचारता छापली जात होती, आणि त्या वापराला शिकार म्हणून गौरवायला आम्ही तयार नाही. सर्तोची उपमा दुबळ्याच्या बाजूने आहे. बलवानाने दुबळ्याच्या रानात शिरणे ही वेगळी गोष्ट, तिला जुने नाव आहे.

या मुलखातला आणखी एक प्रयोग आमच्या विषयाला सर्वांत जवळचा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई मूळच्या माँटेसरी पद्धतीच्या. गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला घडलेल्या. माँटेसरीचे साहित्य म्हणजे काय होते? मोजून मापून तासलेले लाकडी ठोकळे, दट्टे, रंगांच्या पट्ट्या. प्रत्येक साधनाचा हेतू आणि ते हाताळण्याची रीत निश्चित. त्यात फेरफार केलेला खुद्द माँटेसरीबाईंना रुचत नसे. ते महागही होते. हा संच पाड्यावर आणणार कोण? ताराबाईंनी आणि अनुताईंनी तो बाजूला ठेवला आणि त्यामागचे तत्त्व तेवढे घेतले. चिंचोके, गोटे, शंखशिंपले, पाने, बिया यांनी मोजणे, जुळवणे, लहानमोठे ओळखणे सुरू झाले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यातल्या अंगणात गेली, तिला अंगणवाडी म्हटले. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नाहीत, तर ती कुरणावर गेली आणि कुरणशाळा झाली. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्याचा उगम या टेकडीच्या आसपास आहे.

ताराबाईंनी माँटेसरीचे कुलूप उघडले असे म्हणण्याचा मोह होतो. उपमा ताणू नये हे खरे. पण एक साम्य नाकारता येत नाही. दोन्ही ठिकाणी मूळ वस्तू उत्तम होती आणि तिच्या वापराची अट जाचक होती. दोन्ही ठिकाणी ज्यांनी अट झुगारली, त्यांना मूळ कर्त्यापेक्षा त्या वस्तूची ताकद अधिक कळलेली होती. फरक आहे तोही महत्त्वाचा. एक्सबीएमसीवाल्यांकडे यंत्र, वीज आणि रिकामा वेळ होता. कोसबाडला यांपैकी काही नव्हते. विजेचा उल्लेख निघालाच आहे तर सांगून टाकू. डहाणूला १९९५ पासून ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. ते उभारले गेले ते मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी. १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेल्या तालुक्यात कोळसा जळत होता आणि सव्वाशे किलोमीटरवरच्या दिवाणखान्यांत पडदे उजळत होते. माध्यमांचा इतिहास लिहिताना पडद्यामागची ही तार आपण क्वचितच मोजतो.

मूळ यंत्राचे पुढे काय झाले ते थोडक्यात. ७३३ मेगाहर्ट्‌झला उच्च दर्जाची नवी चित्रे झेपेनात. २००८ मध्ये एक्सबीएमसीतून प्लेक्स वेगळे निघाले. मूळ संघानेही संगणकांकडे मोर्चा वळवला आणि २०१० मध्ये एक्सबॉक्ससाठीची शाखा तोडली. जुन्या यंत्राच्या भक्तांनी ती वेगळ्या नावाने चालू ठेवली. २०१४ मध्ये एक्सबीएमसीचे नावच बदलून कोडी झाले. ज्या यंत्रासाठी ते जन्मले त्याची खूण नावातूनही गेली. याच २०१० मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ वरची दुसरी कार्यप्रणाली बसवण्याची सोय एका अद्ययावतीकरणात काढून घेतली. विकत देताना जाहीर केलेली सोय, विकून झाल्यावर, ग्राहकाच्या घरात बसलेल्या यंत्रातून. अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा चालून शेवटी तडजोड झाली. आधी घराचा उंबरठा ही मर्यादा होती. वस्तू आत आली की ती तुमची. तारेने जोडलेल्या यंत्राला उंबरठा उरलेला नाही.

भारतात कायदा काय म्हणतो? स्वामित्व हक्काच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम घातले गेले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे. मात्र कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी ते उघडण्यास त्यात सवलत आहे. अमेरिकी कायद्याहून हे शहाणपणाचे आहे, कारण येथे कृतीपेक्षा हेतू पाहिला जातो. स्वतःच्या यंत्रावर स्वतःची व्हीसीडी पाहण्यासाठी कुलूप उघडणाऱ्याला त्यात आधार सापडावा असे आमचे वाचन आहे. न्यायालयाचे वाचन हे अर्थात दुसरे वाचन, आणि त्याचे वजन वेगळे.

ज्यांच्या घरी ते जुने काळे खोके अजून माळ्यावर पडले असेल, त्यांना एक व्यावहारिक सूचना. त्यात घड्याळ चालू ठेवणारा एक लहान कपॅसिटर आहे. बहुतेक आवृत्त्यांत तो कालांतराने पाझरतो आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खात जातो. डहाणू-बोर्डीच्या खाऱ्या हवेत तर धातूला आधीच आयुष्य कमी. यंत्र पुन्हा चालू करण्यापूर्वी ते उघडावे, तो कपॅसिटर काढून टाकावा आणि पाझर पुसून घ्यावा. घड्याळ त्यानंतर प्रत्येक वेळी नव्याने लावावे लागते. चित्रपट त्यावाचून चालतात.